चाळीस पत्रिका आणि एक नाणं: संख्याशास्त्र दाव्याची परीक्षा कशी घेतं?

'नव्या औषधाचा परिणाम संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय आढळला.' अशा ओळी आता रोजच्या वर्तमानपत्रात येतात, आणि त्याहून जास्त व्हॉट्सअॅपवर फिरतात. 'लक्षणीय' वाचलं की कुणाला वाटतं, परिणाम फार मोठा असणार. कुणाला वाटतं, चला, हे एकदाचं सिद्ध झालं. खरं तर हा शब्द एका ठरावीक परीक्षेचा निकाल सांगतो. परीक्षेत विचारलं काय होतं, हे माहीत नसेल तर निकालाचा अर्थ लागत नाही.

या परीक्षेला परिकल्पना-चाचणी म्हणतात. कॉलेजात हाच विषय 'हायपॉथेसिस टेस्टिंग' म्हणून येतो. तिथे सूत्रं आणि मागची कोष्टकं इतकी असतात की मूळ विचार त्यांच्याखाली दबून जातो. तो विचार मात्र नाणं उडवता येणाऱ्या कुणालाही समजेल असा आहे. त्यासाठी परदेशातलं उदाहरण आणायचीही गरज नाही. महाराष्ट्रात या परीक्षेचा एक फार चांगला प्रयोग होऊन गेला आहे.

पुण्यातला प्रयोग

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि फलज्योतिषाचे चिकित्सक प्रकाश घाटपांडे या चौघांनी मे २००८ मध्ये पुण्यात पत्रकार परिषद घेऊन ज्योतिषांना जाहीर आवाहन केलं. त्यांच्याकडे २०० मुलांच्या जन्मपत्रिका होत्या. त्यातली १०० मुलं शाळेत शिक्षकांनी हुशार म्हणून निवडलेली होती, आणि १०० मुलं बौद्धिक दिव्यांगांच्या विशेष शाळांमधली होती. भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला यातल्या ४० पत्रिका मिळणार होत्या. प्रत्येक पत्रिका पाहून त्याने एवढंच सांगायचं, की हे मूल पहिल्या गटातलं की दुसऱ्या.

पत्रिकांवर नावं नव्हती, सांकेतिक क्रमांक होते. कोणता क्रमांक कुणाचा याची यादी विद्यापीठात कुंटे यांच्याकडे बंद होती, त्यामुळे नकळतही कुणाला इशारा जाण्याची सोय नव्हती. शिवाय ४० पत्रिका कुणी हाताने वेचून दिल्या नाहीत, त्या यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडल्या गेल्या. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण पातेलं खालीवर केल्याशिवाय वरचंच शीत उचललं तर तळाचा भात कच्चा राहिलेला कळत नाही. यादृच्छिक निवड म्हणजे पातेलं नीट ढवळणं.

५१ ज्योतिषांनी पत्रिका घेतल्या आणि २७ जणांनी उत्तरं परत पाठवली. एका ज्योतिष संस्थेने तर सगळ्या २०० पत्रिका तपासून दिल्या. निकाल २००९ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तो पुढे सांगतो, कारण निकालाआधी एक पाऊल टाकायचं असतं आणि बहुतेक गैरसमज तिथेच जन्म घेतात.

आधी समजायचं, की काहीच नाही

दावा असा, की पत्रिकेवरून मुलाची बुद्धी सांगता येते. हा दावा थेट तपासता येत नाही, कारण 'सांगता येते' म्हणजे ४० पैकी किती? ३९? ३०? २५? दावा करणारा नेमका आकडा देत नाही.

म्हणून संख्याशास्त्र उलट्या बाजूने सुरुवात करतं. घटकाभर असं धरून चालतं, की पत्रिकेतून काहीच कळत नाही आणि ज्योतिषाचं प्रत्येक उत्तर म्हणजे नाणं उडवून दिलेलं उत्तर आहे. या 'काहीच नाही'वाल्या गृहीताला शून्य परिकल्पना म्हणतात. ती कुणाच्या श्रद्धेवर किंवा अश्रद्धेवर ठरत नाही. तिची निवड होते, कारण तिच्यावरून गणित करता येतं. नाण्याचं वागणं आपल्याला पक्कं माहीत आहे.

मग प्रश्न इतकाच उरतो: नुसतं नाणं उडवलं असतं तर इतकं चांगलं उत्तर येणं कितपत शक्य होतं? सहज शक्य असेल, तर नाणंही हे करू शकतं आणि दाव्याला आधार मिळाला नाही. फारच दुर्मीळ असेल, तर 'हे नाणंच आहे' असं म्हणत राहणं अवघड होतं आणि शून्य परिकल्पना बाजूला ठेवावी लागते.

नाणं किती वेळा 'बरोबर' येतं?

४० वेळा नाणं उडवलं तर २० छाप यायला हव्यात असं आपण म्हणतो. पण नेमक्या २० छाप येण्याची शक्यता आठात एक इतकीच आहे. चारपैकी जवळजवळ तीन वेळा आकडा १७ ते २३ च्या दरम्यान पडतो. म्हणजे कुणाची २२ उत्तरं बरोबर आली आणि तो म्हणाला, 'बघा, निम्म्याहून जास्त!', तर त्याला सांगायला हवं, की तेवढी किंवा त्याहून जास्त बरोबर उत्तरं नाण्यालाही साधारण ३२ टक्के वेळा मिळतात. २४ किंवा जास्त १३ टक्के वेळा, २६ किंवा जास्त ४ टक्के वेळा, आणि २८ किंवा जास्त एक टक्क्याहूनही कमी वेळा.

हे जे टक्के मी आता दिले, त्यांनाच पी-मूल्य म्हणतात. शून्य परिकल्पना खरी धरली, तर हाती आलेला किंवा त्याहूनही दाव्याला अनुकूल निकाल निव्वळ योगायोगाने मिळण्याची शक्यता म्हणजे पी-मूल्य. या वाक्यातलं 'खरी धरली, तर' सोडू नका. पुढे त्याची गरज पडणार आहे.

आता निकाल. ज्या संस्थेने २०० पत्रिका पाहिल्या, तिची १०२ उत्तरं बरोबर आली. नाण्याकडून अपेक्षा १०० ची. १०२ किंवा जास्त बरोबर येण्याची नाण्याची शक्यता सुमारे ४२ टक्के. संस्थेच्या उत्तरांत असं काहीच दिसलं नाही जे नाण्याला जमलं नसतं. २७ ज्योतिषांमध्ये सर्वांत जास्त गुण एकाला मिळाले, ४० पैकी २४. सगळ्यांची सरासरी १७.२५ निघाली, म्हणजे २० च्याही खाली.

रेषा पाच टक्क्यांवरच का?

किती दुर्मीळ म्हणजे पुरेसं दुर्मीळ? बहुतेक शास्त्रांत ही रेषा ५ टक्क्यांवर आखलेली असते. पी-मूल्य त्याखाली गेलं की निकालाला 'लक्षणीय' म्हणायचं. या रेषेला सार्थकता पातळी म्हणतात.

पाच टक्के हा निसर्गाचा नियम नाही. इंग्रज संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२५ साली 'विसात एक' ही सोयीची मर्यादा म्हणून सुचवली आणि ती रूढ झाली. फिशर रोथॅमस्टेडच्या शेतकी संशोधन केंद्रात होते. तिथल्या सहकारी म्युरिएल ब्रिस्टल यांचं म्हणणं होतं, की कपात आधी दूध घातलंय की आधी चहा, हे चवीवरून ओळखता येतं. फिशरनी त्यावरून आखलेली चाचणी आजही वर्गात शिकवतात: आठ कप, चार असे आणि चार तसे. आठही नुसत्या अंदाजाने बरोबर ओळखण्याची शक्यता ७० त एक, म्हणजे दीड टक्क्याहून कमी. एक जोडी चुकली, म्हणजे दोन कपांची अदलाबदल झाली, तरी तेवढं किंवा त्याहून चांगलं यश अंदाजानेही २४ टक्के वेळा मिळतं. म्हणजे एका चुकीने अख्खा दावा अधांतरी येतो. इतकी छोटी चाचणी किती नाजूक असते, हे यातून कळतं.

रेषा कुठे आखायची हे कामावर अवलंबून असतं. २०१२ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत हिग्ज बोसॉन सापडल्याची घोषणा झाली, तेव्हा भौतिकशास्त्रज्ञांची रेषा साधारण ३५ लाखांत एक इतकी कडक होती. नवा कण सापडला असं उगाच जाहीर करणं त्यांना परवडत नाही.

रेषा कुठेही आखा, पण उत्तरं पाहण्याआधी आखा. मला या सगळ्या विषयातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. निकाल हातात आल्यावर रेषा आखली तर कुठलाही दावा पास करता येतो आणि कुठलाही नापास. पुण्याच्या प्रयोगाची ताकद गणितापेक्षा इथे जास्त आहे: पत्रिका किती, प्रश्न कोणता, 'बरोबर' म्हणजे काय, हे सगळं उत्तरं यायच्या आधी ठरलेलं आणि सहभागी ज्योतिषांना माहीत असलेलं होतं.

याच नियमाने १७.२५ या सरासरीकडेही पाहायला हवं. ती २० च्या बरीच खाली आहे, आणि कुणी म्हणेल, यातही काही अर्थ असेल. असेलही. पण आधी विचारलेला प्रश्न 'नाण्यापेक्षा चांगलं येतं का?' हा होता. 'नाण्यापेक्षा वाईट का आलं?' हा प्रश्न उत्तरं पाहून सुचलेला आहे. त्याच उत्तरांवर त्याचा निकाल लावता येत नाही. त्यासाठी नव्या पत्रिका आणि नवा प्रयोग हवा.

'पण एकाला २४ मिळालेच ना?'

हा आक्षेप स्वाभाविक आहे. चाळिसात २४ म्हणजे ६० टक्के. त्या एका ज्योतिषाला तरी काही कळत असेल की!

मघाचा आकडा आठवा. एका नाण्याला २४ किंवा जास्त मिळण्याची शक्यता १३ टक्के. पण इथे उत्तरं देणारे २७ होते. २७ माणसांनी नुसती नाणी उडवली असती, तर सरासरी तीन-चार जणांना २४ किंवा त्याहून जास्त मिळाले असते. प्रत्यक्षात एकालाच मिळाले.

हे गणित पुढे नेलं की चित्र आणखी गंभीर होतं. ४० पैकी २६ बरोबर आल्यावर एकट्या माणसासाठी पाच टक्क्यांची रेषा ओलांडली जाते. पण २७ नाणी उडवणाऱ्यांपैकी निदान एकजण ती ओलांडेल याची शक्यता ६७ टक्के आहे! परीक्षार्थी वाढले की 'कुणीतरी' पास होणं जवळजवळ ठरलेलंच. म्हणून पुष्कळ जणांची किंवा पुष्कळ दाव्यांची एकदम परीक्षा घेताना रेषा जास्त कडक करावी लागते. इथे ती २८ वर नेली, तर तीच शक्यता २० टक्क्यांवर येते.

बातम्यांमधले कितीतरी धक्कादायक शोध याच वाटेने येतात. वीस पदार्थ आणि एक आजार घेऊन वीस तुलना केल्या, तर त्यातली एखादी योगायोगानेच 'लक्षणीय' निघण्याची शक्यता मोठी असते, आणि छापून येते तीच. उरलेल्या एकोणीस कुणाला दिसत नाहीत. ओळखीतल्या कुणाचं भविष्य खरं ठरलं ही गोष्ट घराघरांत सांगितली जाते. जी भविष्यं चुकली, त्यांची नोंद कुणी ठेवत नाही. पुण्यातल्या प्रयोगातही ५१ पैकी २४ जणांची उत्तरं आलीच नाहीत. ती कशी असती, याचा अंदाज बांधणं योग्य नाही, आणि ती नव्हती हे विसरणंही योग्य नाही.

'म्हणजे फलज्योतिष खोटं, हे सिद्ध झालं?'

नाही. आणि हे मी कुणाचं मन राखायला म्हणत नाही, चाचणीची रचनाच तशी आहे. शून्य परिकल्पना नाकारता आली नाही, म्हणजे ती खरी ठरली असं होत नाही. दाव्याच्या बाजूने पुरावा मिळाला नाही, एवढंच या निकालातून म्हणता येतं.

पण या उत्तरावर थांबणं सोयीचं असलं तरी अपुरं आहे. पुढचा प्रश्न हवा: दावा खरा असता, तर या चाचणीला तो सापडला असता का?

चाचणी दोन तऱ्हांनी चुकू शकते. नाणं उडवणाऱ्याला जाणकार ठरवणं ही पहिल्या प्रकारची चूक. खऱ्या जाणकाराला नाणं उडवणारा ठरवणं ही दुसऱ्या प्रकारची. पाच टक्क्यांची रेषा फक्त पहिलीला आवर घालते. दुसरी किती वेळा होईल, हे नमुना किती मोठा आहे आणि कौशल्य किती खरं आहे यावर ठरतं. या दोन चुकांची मांडणी संख्याशास्त्रज्ञ जर्झी नेमन आणि इगॉन पिअरसन यांनी १९२८ ते १९३३ या काळात केली. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे त्याच दशकात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात याच वातावरणात शिकत होते. १९३६ साली त्यांनी तिथे पीएच.डी. मिळवली आणि पुढे भारतात पीक-सर्वेक्षणाच्या पद्धती घडवल्या.

आता पत्रिकांकडे परत. समजा एखाद्या ज्योतिषाला खरोखरच १० पैकी ६ वेळा बरोबर सांगता येतं. ४० पत्रिकांच्या चाचणीत त्याला २६ गाठायचेत. तो ते फक्त ३२ टक्के वेळा गाठेल. म्हणजे खरं कौशल्य असूनही तीनपैकी दोन वेळा आपण त्याला नापास करू. त्याचं कौशल्य १० पैकी ७ असेल, तर मात्र तो ८१ टक्के वेळा पास होईल. ४० पत्रिकांची एकेकट्याची चाचणी मोठं कौशल्य पकडते, लहान सोडून देते.

२०० पत्रिकांच्या चाचणीचं तसं नाही. तिथे रेषा ११३ वर येते, आणि १० पैकी ६ इतकंच कौशल्य असलेली संस्थाही ८६ टक्के वेळा ती ओलांडते. संस्थेला मिळाले १०२. म्हणून त्या निकालाचं वजन जास्त: चाचणी बऱ्यापैकी समर्थ होती, आणि तरी काही सापडलं नाही.

जन्मवेळा पालकांनी दिलेल्या होत्या, त्या चुकल्या असतील, असाही आक्षेप येतो. शक्य आहे. पण ज्योतिषी रोज ज्या पत्रिका पाहतात, त्यांच्याही वेळा घरच्यांनीच सांगितलेल्या असतात. त्या वेळांवर व्यवहारात भविष्य सांगता येत असेल, तर परीक्षेतही यायला हवं.

पी-मूल्याचा सर्वांत मोठा गैरसमज

पी-मूल्य ३ टक्के आलं की पुष्कळदा असं लिहिलं जातं: 'हा निकाल योगायोग असण्याची शक्यता फक्त ३ टक्के, म्हणजे दावा खरा असण्याची शक्यता ९७ टक्के.' शिकलेली माणसंही हे लिहितात. हे चूक आहे. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये यावर स्वतंत्र निवेदन काढलं. त्यात स्पष्ट म्हटलं आहे, की परिकल्पना खरी असण्याची शक्यता पी-मूल्य मोजत नाही.

मघाचं 'खरी धरली, तर' इथे कामी येतं. पी-मूल्याचं सगळं गणित शून्य परिकल्पना खरी धरून केलेलं असतं. जे धरूनच चाललो, ते खरं असण्याची शक्यता त्याच गणितातून कशी निघेल?

आकड्यांत पाहू. कल्पना करा, १,००० नवी औषधं तपासायची आहेत आणि त्यातली १०० खरोखर गुणकारी आहेत. चाचणी चांगली आहे, गुणकारी औषधांपैकी ८० टक्के पकडते: ८० औषधं पास. उरलेल्या ९०० निरुपयोगी औषधांपैकी पाच टक्के, म्हणजे ४५, योगायोगाने पास होतात. एकूण १२५ औषधांवर 'लक्षणीय' शिक्का बसला, त्यातली ४५ कुचकामी. पाच टक्क्यांची रेषा पाळूनही शिक्का बसलेल्यांपैकी ३६ टक्के चुकीची निघाली. सुरुवातीला दावा जितका अशक्यप्राय, तितकं हे प्रमाण वाढत जातं. म्हणूनच शास्त्रात एका चाचणीवर विसंबत नाहीत. दुसऱ्या लोकांनी, दुसऱ्या ठिकाणी, पुन्हा करून पाहावी लागते.

लक्षणीय, पण कितीसं?

शेवटचा मुद्दा छोटा आहे, पण खिशाला आणि तब्येतीला लागतो. समजा कुणाला पत्रिकेवरून ५१ टक्के वेळा बरोबर सांगता येतं. २०० पत्रिकांत हे दिसणारही नाही. १०,००० पत्रिका दिल्या आणि ५,१०० बरोबर आल्या, तर पी-मूल्य दोन-अडीच टक्के येईल. निकाल 'लक्षणीय'! पण शंभरात एखादं उत्तर जास्त बरोबर देणाऱ्या माणसाच्या सल्ल्यावर कुणी मुलाच्या शाळेचा निर्णय घ्यावा का? नमुना पुरेसा मोठा केला की अगदी नगण्य फरकही रेषा ओलांडतो. म्हणून 'फरक आहे का?' याच्या जोडीला 'फरक किती?' हे विचारावंच लागतं. औषधाच्या बातमीत 'लक्षणीय'नंतर ताप किती तासांनी लवकर उतरला, शंभरातल्या किती रुग्णांना फायदा झाला, हे लिहिलेलं नसेल, तर बातमी अर्धीच आहे.

औषधांच्या बाबतीत आधी काय ठरलं होतं, हेही आता वाचकाला तपासता येतं. माणसांवर होणाऱ्या औषध-चाचण्यांची नोंदणी भारतात १५ जून २००९ पासून सक्तीची आहे. 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया' या सरकारी नोंदवहीत प्रत्येक चाचणीची माहिती पहिला रुग्ण घेण्याआधी भरावी लागते: किती रुग्ण घेणार, तुलना कशाशी, आणि यश कोणत्या एका मुख्य निकषावर मोजणार. ही नोंदवही इंटरनेटवर सर्वांना मोफत खुली आहे. बातमीतल्या औषधाचं नाव तिथे शोधायचं, आणि कंपनीने आज ज्या यशाची जाहिरात केली आहे, तोच निकष तिने आधी लिहून दिला होता का, हे पाहायचं.